पडदा दाखवून घ्या

त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. ऑफिसात साहेबापासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ चढली की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. हा गृहस्थ दोरीशिवाय तेच काम करायचा. कुणाकडे चहाला गेला तर आधी भिंतीवरची तसबीर नीट करणार, मग बूड टेकणार. दाराची चौकट केसभर कलली असली तरी याच्या पोटात दुखणार. बायको सांगायची, "आमच्या लग्नाचा फोटो बघा. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हे मागच्या खांबाकडे."

एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तो ड्राफ्ट्समन होता. म्हणजे साहेबानं डोक्यात येईल ते कागदावर खरडायचं आणि यानं त्यातून जिने, खिडक्या, खांब ओळीनं उभे करायचे. आधी फळ्यावर कागद ताणून पेन्सिलीनं, पुढे कॉम्प्युटरवर. सबंध आयुष्य रेघा मारण्यात गेलं म्हणा ना. बढती नाही, कौतुक नाही, कुठल्या इमारतीच्या पाटीवर नाव नाही. पण ओळंब्याच्या हातचा नकाशा आला की सायटीवरचे मिस्त्री तो पुन्हा पडताळत नसत. हे त्याला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर तो खूश होता.

ऑफिसनं जागा लहान केली तेव्हा साहेब म्हणाला, "तुम्ही घरूनच करा काम," आणि जुना मॉनिटर उचलून दिला. तो आला बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर. एक मॉनिटर आणि धनी तीन. दिवसा ओळंब्याचे नकाशे. संध्याकाळी बायकोचा सिनेमा. ती शिवणाच्या क्लासात दिवसभर मुलींना टीप घालायला शिकवायची आणि घरी आल्यावर तिला दुसऱ्यांची भांडणं बघत पडायचं असायचं. ती उठली की लेकीचा गेम. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि चार मैत्रिणींची मिळून त्यांची एक टीम होती, स्पर्धेत बिर्धेत उतरणारी. ओळंबा त्या मॉनिटरला पडदा म्हणायचा. टीव्हीचा पडदा, मोबाइलचा पडदा, बँकेतल्या पैशांच्या यंत्राचाही पडदा. लेक वैतागायची, "बाबा, मॉनिटर म्हणा हो! स्क्रीन म्हणा! लोक हसतात."

"हसू देत. चित्र उमटतं ना त्याच्यावर? मग पडदा."

या एका शब्दानं पुढे त्या घराचा घात केला, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

सुरुवात झाली एका शाळेच्या नकाशावर. लांबलचक व्हरांडा होता, दोन समांतर रेघा. सकाळचा चहा पिऊन ओळंबा बसला तर वरची रेघ मधोमध खाली आलेली. ओल्या कपड्यानं दोरी ओढली जावी तशी. त्यानं पुसून पुन्हा मारली, पुन्हा तेच. मग त्यानं कॉम्प्युटरलाच विचारलं, बाबा रे, या रेघेची दोन टोकं कुठे आहेत? आकडे आले, दोन्हीकडे सारखे. म्हणजे रेघ सरळ. आता बघा, माणूस अडाणी नव्हता. त्यानं नीट विचार केला. नकाशा सरळ आहे हे आकडे सांगतायत. आपली नजर तर ओळंब्याची. मग दोघांच्या मध्ये जे बसलंय तेच लबाडी करत असणार. पडदाच बिघडला.

त्यानं पोलादी पट्टी काढली आणि मॉनिटरवर रेघेला लावून धरली. पट्टीही मध्ये खाली आली! अहो, पोलादाची पट्टी ती, ती कशी वाकेल? तिथेच शहाण्या माणसानं ओळखायला हवं होतं. पण तो म्हणाला, पडद्याच्या उजेडानं पट्टीसुद्धा तशी दिसते. पुढे न्हाणीघरातल्या फरशांच्या सांध्यात त्याला तोच खळगा दिसला, तेव्हा तो वर जाऊन गच्चीचा कठडा तपासून आला. घराचा पाया एका बाजूनं खचतोय की काय अशी त्याला शंका आली होती. पाया खचला असेल हे त्याला पटत होतं. डोळा खचला असेल हे मनाला शिवलंसुद्धा नाही. ज्याच्यावर जन्मभर पोट चाललं त्याच्यावर कोण संशय घेतो हो?

फोनवर त्यानं ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याला सांगितलं, "पडद्याला पोक आलंय रे." तो हसून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, ओळंबेकाका!" थट्टाच ती. ओळंबाही हसला, पण ते वाक्य त्याला दिवसभर टोचत राहिलं. म्हणूनच तो चष्मेवाल्याकडे गेला. निदान कुणी असं म्हणायला नको की यानं डोळे तपासले नाहीत.

चष्म्याच्या दुकानात गर्दी होती. खुर्चीत बसल्या बसल्या ओळंब्यानं सगळी कहाणी सांगितली, पडद्यावर रेघ कशी वाकते, पडद्याच्या मधोमध आकडे कसे पुसट होतात, पडदा किती जुना आहे. चष्मेवाला हं हं करत, एकेक डोळा न झाकताच, काचा बदलत राहिला. ही बरी की ती बरी? ती की ही? शेवटी त्यानं डोळ्यात दिवा मारून बघितलं, जरा थांबला, पुन्हा बघितलं. तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी मूल फ्रेमचा स्टँड पाडून मोकळं झालं. चष्मेवाला उठता उठता म्हणाला, "चष्मा बदलून काही उपयोग नाही. तुम्ही पडदा दाखवून घ्या. आणि लवकर दाखवा, चालढकल नको."

तो डोळ्याच्या पडद्याबद्दल बोलत होता. तुम्हाला कळलं, कुणालाही कळलं असतं. डोळ्याच्या आत, मागे, जिथे चित्र उमटतं तो पडदा. ओळंब्याच्या उजव्या डोळ्यात त्या पडद्यामागे रक्त झिरपायला लागलं होतं. डावा तर केव्हाच मधून गेलेला, आणि याला पत्ता नव्हता, कारण उजवा बिचारा दोघांचं काम ओढत होता. त्या आठवड्यात तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला असता तर उजवा राहिला असता. पण ओळंबा खुर्चीतून उठला तो हलका होऊन. त्याला वाटलं, चला, तज्ज्ञ माणसानंही तेच सांगितलं.

घरी येऊन त्यानं चप्पल काढता काढता जाहीर केलं, "डोळे ठणठणीत आहेत. चष्मेवाला म्हणाला, पडदा दाखवून घ्या, आणि लवकर."

लेकीनं टाळी वाजवली. दोष द्यायचा नाही मला तिला, पण तिनं टाळी वाजवली हे खरं. किती दिवसांपासून ती नवा मॉनिटर मागत होती. जुन्यावर तिच्या गेममधली माणसं पळाली की मागे धुरासारखी छाया राहायची. घोस्टिंग म्हणायची ती त्याला. ओळंबा म्हणाला, "तुझ्या माणसांना भूत लागलंय आणि माझ्या रेघेलाही." बायको आतून म्हणाली, "घ्या! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. झालं पोरीच्या मनासारखं." म्हण तोंडात आली आणि निघून गेली. कुणाला काही वाटलं नाही. तिघंही हसली.

दुरुस्तीवाल्यानं जुना मॉनिटर उलटापालटा करून सांगितलं की यात काही बिघाड नाही. ओळंब्यानं त्याला वेड्यात काढलं. मग तिघं मिळून मोठ्या दुकानात गेली. तिथे एका भिंतीवर नुसते मॉनिटर, आणि सगळ्यांवर एकच पोपट उडतोय, निळा, पिवळा, लाल. पुढे विक्रेता, तोही पोपटच. "सर, कामाला रेझोल्यूशन बघायचं, गेमिंगला रिफ्रेश रेट बघायचा, सिनेमाला काँट्रास्ट बघायचा. तुमचं प्राधान्य काय?"

"सरळ रेघ," ओळंबा म्हणाला.

विक्रेत्याला हे उत्तर कुठल्याच प्रशिक्षणात भेटलं नव्हतं. त्यानं लेकीकडे बघितलं. लेकीनं सगळा अभ्यास करून ठेवला होता. कुठल्या पॅनेलचा रंग बाजूनं बघितला तरी फिरत नाही, कुठल्याचा काळा खरोखर काळा असतो, गेमला किती वेग पुरतो, ती धडाधडा सांगत गेली आणि ओळंबा कौतुकानं ऐकत राहिला. तिची नजर मात्र कोपऱ्यातल्या एका रुंद, कमानीसारख्या वळलेल्या मॉनिटरवर होती. ओळंब्यानं तो बघितला आणि म्हणाला, "वाकडा पडदा? पैसे देऊन? माझ्या घरात?" लेक ओशाळून हसली. शेवटी त्यांनी कामाचा, सपाट, बारीक अक्षरं लख्ख दिसणारा घेतला. महिन्याच्या आत बदलून मिळेल असं विक्रेत्यानं बजावून सांगितलं.

नव्या मॉनिटरवर रेघ पहिल्यापेक्षा जास्त वाकली. त्याला आता अक्षरांतही खड्डे दिसायला लागले. आठवर बोट ठेवावं तर तो तीनसारखा, कधी नुसताच करडा डाग. बायकोला काही तरी खटकलं. जेवताना तिनं बघितलं, हा भाजी वाढताना वाटीच्या बाहेर वाढत होता. ती म्हणाली, "अहो, एकदा डोळे नीट दाखवून घ्या ना कुणाला तरी."

"आत्ताच तर दाखवून आलो! त्यानंच सांगितलं ना पडद्याचं!" तो इतक्या जोरात बोलला की तिनं वाटी पुसून बाजूला ठेवली. खरं बोलत होता तो, आणि म्हणूनच तिला पुढे बोलता आलं नाही.

मॉनिटर बदलला. दुसरा आणला तो सिनेमासाठी वाखाणलेला, गडद काळ्या रंगाचा. बायको दोन दिवस खुशीत होती. ओळंब्याला त्यावर रेघ मधोमध तुटलेलीच दिसायला लागली. दुकानातून दुसरा नग येईपर्यंत तो वाट बघत बसे, सुट्टीच्या दिवशी पुन्हा दुकानात जाऊन विक्रेत्याशी भांडे. विक्रेता पट्टी लावे, रेघ सरळ दाखवे, आणि हा म्हणे, "तुम्हा लोकांना सरळ म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?" लेकीला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वेळ असा दुकानाच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात जात होता, आणि तो कसला वेळ होता हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मग सायटीवरून फोन आला. शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दारांची मापं चुकली होती. आठाचे तीन झाले होते. मिस्त्रींनी न मोजता चौकटी बनवल्या, कारण नकाशा ओळंब्याचा होता. साहेब रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "वय होतंच सगळ्यांचं. आता तुमची ड्रॉइंग्ज इथे एकदा तपासून मग पुढे पाठवू आपण." तपासणार कोण, तर तो अंगण वाकडं म्हणणारा तरुण. ओळंबा त्या दिवशी जेवला नाही. बायकोनं दोनदा हाक मारली तर म्हणाला, "माझ्या रेघा तपासणार आता ती पोरं. मला घरात ठेवलंस काय आणि भंगारात घातलंस काय, सारखंच."

त्याच आठवड्यात तो लेकीला घेऊन दुकानात गेला आणि त्यानं आपण होऊन त्या कमानीसारख्या मॉनिटरवर बोट ठेवलं. "हा घेऊ."

"बाबा? तुम्हाला तर वाकडा नको होता."

"घेऊ गं. तुझ्या गेमला चांगला आहे ना? झालं तर."

लेकीला वाटलं, बाबा आपल्यासाठी मन मोठं करतायत. गळ्यात पडली ती त्याच्या, भर दुकानात. खरं कारण वेगळंच होतं. पडदाच वाकडा असला म्हणजे रेघ वाकडी दिसायला निदान काही कारण होतं. सपाट पडद्यासमोर बसून रोज आतल्या आत जी भीती वाटायची ती वळलेल्या पडद्यासमोर वाटणार नव्हती. म्हणजे कुठेतरी, तळाशी, त्याला शंका आली होती. आणि ती शंका विचारण्यापेक्षा त्यानं ती बुजवणारा पडदा विकत घेतला. याला काय म्हणावं? मला तर राग येतो. आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटतं.

लेकीनं तो मॉनिटर लावला, आणि नवी वस्तू आली की पारखून घ्यायची तिची पद्धत होती, म्हणून एक चाचणीचं चित्र त्यावर आणलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची जाळी, चौकोनच चौकोन. ती म्हणाली, "बाबा, बसा इथे. कुठे वाकतंय ते बोटानं दाखवा, मी खूण करते." ओळंब्यानं मधोमध बोट फिरवलं. इथे खळगा, इथे रेघ तुटते, इथे काहीच नाही. लेकीनं तिथे खूण केली. मग सहज म्हणाली, "आता त्या डाव्या कोपऱ्याकडे बघा." त्यानं कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा वाकला. आणि मधली जाळी, जिच्यावर खूण होती, ती सरळ झाली.

"उजव्या कोपऱ्याकडे बघा." उजवा कोपरा वाकला.

लेक खुर्चीतून उठली. तिनं त्याचा उजवा डोळा आपल्या तळहातानं झाकला. "आता?"

त्यानं समोर हात फिरवून बघितला. मग म्हणाला, "पडदा बंद केलास का गं?"

पडदा चालू होता. जाळी लख्ख दिसत होती. लेकीचा हात त्याच्या चेहऱ्यावर तसाच राहिला. "बाबा," ती म्हणाली, "ते मॉनिटरमध्ये नाहीये. ते तुमच्याबरोबर फिरतंय."

दुसऱ्या दिवशी तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात होती. डोळ्यात थेंब घालून बसवलं, यंत्रावर हनुवटी टेकवली, फोटो काढले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चेहऱ्यानं दमलेल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर त्याच्या डोळ्याच्या आतलं चित्र आणलं आणि पेनानं दाखवलं. "हा तुमचा पडदा. मधला भाग असा सपाट हवा, इथे बघा, वर उचलला गेलाय. डाव्याला जुना व्रण आहे, त्याचं काही करता येणार नाही. उजव्याला इंजेक्शनं देऊन बघू, पण इथेही व्रण धरायला लागलाय. फार उशीर केलात." मग जरा चिडूनच त्यांनी विचारलं, "इतके दिवस कुणी सांगितलं नाही का तुम्हाला, पडदा दाखवून घ्या म्हणून?"

 लेकीनं झटकन बापाकडे बघितलं.

ओळंबा म्हणाला, "सांगितलं होतं हो बाई. आम्ही दाखवला. दुकानात दाखवला."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्टासारखं बोलतोय. बायकोनं पदर तोंडाला लावला. लेक उठून बाहेर गेली आणि बाहेरच्या बाकावर बसून तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, खाडकन. औषधं देणारा माणूस घाबरून बघत राहिला.

इंजेक्शनं झाली. डोळ्यात सुई म्हणजे काय ते ज्याला घ्यावी लागते त्यालाच कळतं, पण ओळंब्यानं एकदाही कुरकुर केली नाही. प्रत्येक वेळी तो आशेनं जायचा आणि आठवडाभर रोज सकाळी दाराच्या चौकटीकडे बघायचा. चौकट हळूहळू मधून नाहीशीच झाली. शेवटच्या खेपेला बायको बरोबर होती, लेक कॉलेजात. डॉक्टरीणबाईंनी हात धुतले आणि सांगितलं की आता पुढे सुया टोचण्यात अर्थ नाही. कडेची नजर राहील, मधली गेली. तिथल्या एका बाईनं त्याला शिकवलं, जे बघायचं असेल त्याच्याकडे सरळ बघू नका. थोडं बाजूला बघा, म्हणजे कडेनं दिसेल. घरी येताना तो बायकोला म्हणाला, "पोरीला एवढ्यात सांगू नकोस. परीक्षा होऊ दे. आधीच ती स्वतःला खातेय."

"आणि तुम्ही?" बायकोनं विचारलं. "तुम्हाला कोण सांगणार काही?"

"मला काय सांगायचंय? मी संपलो," तो म्हणाला, आणि पुढे चालायला लागला. तिनं दंड धरला म्हणून पायरी चुकली नाही.

नोकरी सोडल्याचं त्यानं साहेबाला फोनवर कळवलं. साहेब म्हणाला, "नुसते येऊन बसत जा हो, पोरांना चार गोष्टी सांगा." तो गेला नाही. न दिसणाऱ्या नकाशाशेजारी बसून गोष्टी सांगायच्या, त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो बायकोला म्हणाला. ती रडली. तो तिची समजूत घालायलाही उठला नाही. दिवसचे दिवस तो खिडकीशी बसून राहायचा. कुणी विचारलं, "काय करताय?" तर म्हणायचा, "काही नाही," आणि ते अगदी खरं असायचं.

घरात तो रुंद मॉनिटर आता कुणी लावत नव्हतं. बायकोला सिनेमात रस उरला नव्हता. लेकीनं टीम सोडली होती. मैत्रिणींचे फोन आले तर ती उचलत नसे. मॉनिटरवर तिनं जुनी चादर टाकून ठेवली होती आणि त्या टेबलाजवळून जाताना ती मान फिरवून जायची. ओळंबा एकदा म्हणाला, "अगं, खेळ की. तुझी काय चूक? शब्दच मेला तसला." ती त्याच्याशी हवं-नको तेवढंच बोलायची, ताट आणून ठेवायची, औषध द्यायची आणि निघून जायची. त्याला वाटायचं, पोर आपल्याला टाळतेय. वाकड्या पडद्यासाठी आपण तिला वापरलं हे तिला कळलं असेल. तिच्या मनात काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

ते त्याला कळलं परीक्षा संपली त्या दुपारी. बायको क्लासला गेली होती. लेक आली, पर्स ठेवली आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. ओळंब्यानं मान जराशी वळवून नजर खिडकीच्या गजांवर ठेवली. तशी ठेवली की ती दिसायची. फिकट, कडेला, पण दिसायची. वाळली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. घाईत विंचरल्यामुळे भांग एका बाजूला गेला होता.

"बाबा, मला बोलायचंय."

"बोल ना."

"तुम्ही मला माफ करणार नाही, मला माहितीय. मी टाळी वाजवली होती. मला एकदाही वाटलं नाही की डोळ्यांचं असेल. मला फक्त मॉनिटर हवा होता. पण असं नका ना करू. किती दिवस झाले, तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी बोलायला आले की तोंड फिरवता. आईशी बोलताना दाराकडे, माझ्याशी बोलताना खिडकीकडे. शिव्या द्या, मारा, पण बघा तरी माझ्याकडे."

ओळंब्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. अगं वेडे, खिडकीकडे बघितलं म्हणूनच तू दिसतेस. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर तिच्या मनावरचा एक दगड उतरला असता, आणि दुसरा, त्याहून मोठा, चढला असता. सरळ बघितलं तर आपला चेहराच बापाला दिसत नाही, सुया फुकट गेल्या, गेलेलं काही परत येणार नाही, हे तिला त्याच वाक्यातून कळलं असतं. तिला वाटत होतं की उजवा डोळा थोडा तरी वाचलाय. तेवढं तिच्याकडे होतं.

त्यानं गजांवरून नजर काढली आणि सावकाश तिच्याकडे वळवली, जिथून आवाज येत होता तिथे, नीट समोर. तिचे डोळे गेले, नाक गेलं, कपाळ गेलं. खांद्यांच्या वर एक करडा डाग राहिला. त्यानं नजर हलू दिली नाही.

"बघतोय की," तो म्हणाला.

"दिसते ना मी?"

"न दिसायला काय झालं? भांग वाकडा पडलाय तुझा."

ती हसली की रडली ते त्याला समजलं नाही. बांगडी वाजली, म्हणजे हात केसांकडे गेला असावा. मग तिनं त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "असंच बघत जा हं बाबा, रोज." तो हो म्हणाला.